ऐकण्याजोगे कॅथलिक पॉडकास्ट : प्रायश्चित्तकाळातल्या नोंदी, कोल्हापूर

२ मार्च २०२५, रविवार

आज मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर चर्चच्या आवारात चहा पिताना मी बोलून बसलो, त्यामुळे आता करायलाच लागणार. बुधवारी राखेचा बुधवार, प्रायश्चित्तकाळ सुरू. तिथनं ईस्टरपर्यंत रोज एखादं कॅथलिक पॉडकास्ट ऐकायचं, खरंच ऐकण्याजोगं असेल ते बाजूला काढायचं आणि शेवटी आपल्या माणसांच्या हातात देता येईल अशी यादी करायची. लांबलचक नको, चार-पाच नावं पुरेत, पण प्रत्येक नाव मी स्वतः निदान आठवडाभर ऐकलेलं पाहिजे.

कारणं दोन. एक म्हणजे माझा बसमधला वेळ. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, सँड लॅबला. सायबर चौकातनं सहा दहाला कंपनीची बस, जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, आणि हा दीड तास गेली कित्येक वर्षं रील्स बघण्यात जातोय. दुसरं कारण आई. तिला काचबिंदू आहे, दिवाळीपासून छापलेलं अक्षर दिसत नाही म्हणते. आमच्या आजऱ्याच्या घरी आजोबांच्या वेळेपासून 'निरोप्या' यायचा, १९०३ साली सुरू झालेलं मासिक, आणि आई ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार म्हणजे वाचणार. आता अंक येतो आणि टेबलावर तसाच राहतो. ती काही बोलत नाही, पण मला ते बघवत नाही.

कोल्हापुरात कॅथलिक तसे थोडेच. ख्रिश्चन म्हटलं की इथल्या माणसाला वायल्डर मेमोरियल चर्च आठवतं, ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट, मिशनचं काम. आम्ही मंडळी आजरा, चंदगड, सावंतवाडीकडनं आलेली, काही गोव्याची, काही मंगळूरची. २००५ पासून आमचा धर्मप्रांत सिंधुदुर्ग, बिशप सावंतवाडीला. श्रद्धेबद्दल रोज कुणाशी बोलावं असं माणूस शेजारी मिळत नाही, हे पण एक कारण धरा.

५ मार्च, राखेचा बुधवार

फर्स्ट शिफ्ट होती म्हणून संध्याकाळच्या मिस्सेला गेलो. शुभवर्तमान मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं, प्रार्थना करशील तेव्हा खोलीत जा, दार लाव. पन्नास माणसांच्या बसमध्ये कानात हेडफोन घालून बसणं म्हणजे दार लावणं होईल का, हाच विचार डोक्यात राहिला. ईस्टरपर्यंत तांबडा-पांढरा बंद, नुसता शुक्रवारी नाही तर पूर्ण चाळीस दिवस, आणि कोल्हापुरात राहून हे किती अवघड आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको.

पहिलं लावलं 'प्रे अॅज यू गो'. ब्रिटनच्या येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, फादर लोकांचं आहे, २००६ पासून चालू, रोज दहा ते तेरा मिनिटं. आधी संगीत, मग त्या दिवसाचं वाचन, मग एक-दोन प्रश्न, मग तेच वाचन परत. नाव खूप ऐकलेलं. पण मला काहीच झालं नाही. वाचन संपायच्या आत प्रश्न, प्रश्न कळायच्या आत दुसरा प्रश्न, धापा टाकत चाललंय असं वाटलं. आठवडाभर ऐकायचा नियम मीच केलाय म्हणून ठेवलंय.

७ मार्च

आज पॉडकास्ट नाही, पण लिहायलाच पाहिजे. पोप फ्रान्सिस १४ फेब्रुवारीपासून रोमच्या जेमेल्ली हॉस्पिटलमध्ये आहेत, दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया. सेंट पीटर्स चौकात रोज रात्री लोक त्यांच्यासाठी जपमाळ करतायत. काल रात्री तिथं सुरुवातीला त्यांचा आवाज लावला, रेकॉर्ड केलेला. अर्ध्या मिनिटाच्या आसपास, स्पॅनिशमध्ये. मी सकाळी बसमध्ये ऐकला. शब्दाशब्दाला श्वास लागतोय, मध्येच अडकतंय. मला स्पॅनिशचं एक अक्षर येत नाही, भाषांतर नंतर वाचलं, प्रार्थनेबद्दल सगळ्यांचे आभार मानलेत एवढंच. पण ते तीसेक सेकंद मी उजळाईवाडीपासून कागलपर्यंत परत परत ऐकत होतो.

कुणीतरी ठरवलं असणार की हा आवाज असाच लोकांना ऐकवायचा, साफसूफ न करता. मला ते फार मोठं वाटलं.

११ मार्च

चार दिवसांत नऊ वेगवेगळे लावून बघितले. बरेचसे अमेरिकेतले. दोन-तीन मित्र माइकसमोर बसून गप्पा मारतायत, पहिली दहा मिनिटं हवामान, फुटबॉल आणि कॉफी, मग कधीतरी विषय. त्यांच्या गावात त्यांना ओळखणाऱ्या माणसाला ते आवडत असेल, मला नाही जमलं. 'जेझुइटिकल' अमेरिका मासिकवाल्यांचं, तरुणांसाठी, चांगलं आहे पण विषय बरेचसे तिकडच्या चर्चचे. 'गॉडस्प्लेनिंग' डॉमिनिकन फादर लोकांचं, हे लोक तर्कानं बोलतात, संत थॉमस अक्विनास कोळून प्यायलेले, अर्धा तास कसा गेला कळलं नाही. हे कॉलेजच्या पोरांना देण्यासारखं आहे, ज्यांना प्रश्न पडतात आणि घरी विचारायची सोय नसते. यादीत नाव पेन्सिलनं लिहिलं.

'पाइंट्स विथ अक्विनास' पण उघडलं होतं. दोन-दोन तासांच्या मुलाखती. माझ्या बसच्या वेळेत ते मावत नाही, सुट्टीच्या दिवशी बघू.

१३ मार्च, होळी

'द बायबल इन अ इयर'. फादर माइक श्मिट्झ, मिनेसोटात विद्यार्थ्यांचे चॅप्लेन आहेत. १ जानेवारी २०२१ ला सुरू झालं आणि त्याच महिन्यात अमेरिकेतल्या अॅपलच्या यादीत सगळ्या पॉडकास्टच्या वरती, एक नंबरला गेलं. बायबल नुसतं वाचणारा माणूस खुनाच्या आणि राजकारणाच्या कार्यक्रमांच्या वर जातो, हे मी दोनदा तपासून बघितलं.

मी ५ तारखेपासूनच रोज एक भाग ऐकतोय, नोंद आज करतोय. एकूण ३६५ भाग, प्रत्येक वीस-पंचवीस मिनिटांचा. पहिल्या दिवशी उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय आणि स्तोत्र १९. पद्धत अशी की बायबल पहिल्या पानापासून सरळ नाही वाचत, जेफ केव्हिन्स यांनी आखलेल्या क्रमानं जातात. ज्या १४ पुस्तकांत कथा पुढे सरकते ती कण्यासारखी धरलीत, बाकीची पुस्तकं त्या त्या काळाला जोडून, आणि रोज एखादं स्तोत्र नाहीतर नीतिसूत्रं. त्यामुळे मी दर वर्षी जानेवारीत उत्साहानं सुरू करून लेवीयमध्ये जिथं अडकायचो तिथं अडकणार नाही असं वाटतंय.

वाचताना फादर फार भरभर बोलतात, हे मात्र खरं. मी वेग ०.८५ ला आणलाय. तरीपण वाचनानंतर जे पाच-सात मिनिटं बोलतात त्यात माणूस दिसतो, अवघड उतारा असेल तर अवघड आहे म्हणतो, पळवाट काढत नाही.

१६ मार्च, रविवार

सापडलं!! 'प्रे अॅज यू गो' मला का भावत नव्हतं ते आज सापडलं आणि चूक पूर्ण माझी होती.

अॅपमध्ये एक सेटिंग असतं, बोलण्यामधली शांतता आपोआप कापायचं. मी मागे कधीतरी क्रिकेटचं काहीतरी ऐकताना चालू केलं होतं, वेळ वाचतो म्हणून, आणि वेग पण सव्वापट. आज दुपारी आईला ऐकवायचं म्हणून तिच्या फोनवर अॅप नव्यानं टाकलं, तोच भाग लावला, आणि तो माझ्या फोनवरच्यापेक्षा जवळजवळ चार मिनिटं मोठा. मला वाटलं भागच वेगळा आहे. दोन्ही फोन शेजारी ठेवून ऐकलं तेव्हा कळलं की प्रश्न विचारल्यावर तिथं शांतता आहे. पंधरा-वीस सेकंद नुसती शांतता, कधी मागं हलकं संगीत. माझं अॅप ती सगळी कापून टाकत होतं. त्यांनी जी जागा मला विचार करायला सोडली होती तीच मी अकरा दिवस गाळून ऐकत होतो.

येशूसंघ सुरू करणाऱ्या संत इग्नेशियसच्या साधनेत असंच असतं, प्रसंग डोळ्यांपुढं आणायचा, कुठे उभे आहेत, वारा आहे का, तू स्वतः त्यात कुठे उभा आहेस, आणि मग थांबायचं. थांबणं काढलं की मागे फक्त प्रश्नपत्रिका उरते.

आजचं शुभवर्तमान लूकचं, रूपांतराचं, ढगातनं वाणी येते की हा माझा निवडलेला पुत्र, याचं ऐका. ते वाचन संपल्यावर पूर्ण शांतता ऐकली, स्वयंपाकघरात, कुकर उतरवून ठेवला होता. आईला इंग्रजी कळलं नाही पण ती पण तशीच बसून राहिली.

ज्यांना ज्यांना हे पाठवणार त्यांना आधी हे सेटिंग बंद करायला सांगायचं. यादीच्या अगदी वर लिहायचं.

१९ मार्च

संत योसेफचा सण, आणि आज रंगपंचमी. कंपनी चालू होती. बस शाहू नाक्याला आली तोवर पोरांनी रस्ता अडवलेला.

मेल्टिंगला एक सहकारी आहे, आमच्यातला नाही, प्रेस्बिटेरियन घरातला. शेजारी बसला होता, म्हणाला, "काय ऐकायलायस रोज? दे की एक कान." एक इअरफोन दिला. 'बायबल इन अ इयर' चालू होतं. गोकुळ शिरगाव येईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्याच बायबलमधलं हाय की हे." मी म्हटलं हो, पण आमच्यात ७३ पुस्तकं, तुमच्यात ६६. कुठली सात जास्त ते विचारलं, मला टोबित, यहूदीथ, बारूख, मक्काबी दोन, ज्ञानग्रंथ एवढी आठवली, सातवं आठवेना. घरी येऊन आईला विचारलं तर पाठ फिरवून भांडी लावत लावत म्हणाली, "सिराख." उद्या त्याला सांगायचं.

इतक्या वर्षांत आम्ही दोघं श्रद्धेवर कधी बोललो नव्हतो. मोल्डिंगच्या रिजेक्शनवर रोज बोलतो.

२४ मार्च

काल पोप फ्रान्सिसना डिस्चार्ज मिळाला. हॉस्पिटलच्या बाल्कनीत आले, आवाज बारीक, आणि गर्दीत पिवळी फुलं घेऊन उभी असलेली एक बाई त्यांना दिसली तर तिच्याबद्दल बोलले. पाच आठवड्यांहून जास्त मरणाच्या दारात आणि बाहेर आल्यावर फुलं दिसतात. आईला हे तीनदा सांगावं लागलं.

आजच एक फीड मी काढून टाकलं. नाव लिहीत नाही. माहिती भरपूर, आवाज छान, लॅटिन प्रार्थना सुंदर म्हणतात, पण पोप आजारी असताना रोज कोण पुढचा, कुणाची लॉबी, कोण कुणाला पाडणार, आणि जे आपल्या मताचे नाहीत त्यांच्याबद्दल बोलताना दात-ओठ खाणं. सलग पाच दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी लक्षात आलं की बसमधनं उतरताना माझं डोकं तापलेलं असतं आणि लॅबमधल्या पोरावर मी विनाकारण ओरडलो.

पुस्तकावर बिशपांच्या परवानगीची ओळ छापलेली असते, इम्प्रिमातुर. पॉडकास्टला सहसा तसलं काही नसतं, कुणीही माइक घेऊन कॅथलिक म्हणवून घेऊ शकतो. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय : शिकवण सांगताना हा माणूस कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाचा, परिच्छेद सांगतो का, स्वतःचं मत कुठं आणि चर्चची शिकवण कुठं ते वेगळं काढतो का, आणि बस थांबल्यावर मी जपमाळेला हात घालतो का दुसऱ्याच्या कॉलरला. शेवटची कसोटी मला सगळ्यात उपयोगाची पडली.

कॅटेकिझमवरनं आठवलं, फादर माइक यांचंच 'कॅटेकिझम इन अ इयर' पण आहे, २०२३ चं. २८६५ परिच्छेद ३६५ दिवसांत. आमच्याकडं रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या टीचरना पाठवलं, त्यांनी त्याच रात्री मेसेज केला की दुसरा भाग पण झाला.

२८ मार्च

आईचा प्रश्न अजून तसाच आहे.

इंग्रजी तिला थोडं कळतं पण कानानं नाही, डोळ्यानं कळायचं. वाटिकन रेडिओची हिंदी सेवा लावून दिली. १२ फेब्रुवारी १९३१ ला सुरू झालेलं स्टेशन, खुद्द मार्कोनीनं उभं करून दिलं आणि अकरावे पायस त्यावर बोलणारे पहिले पोप. आज मोबाइलवर हिंदी, तमिळ, मल्याळममध्ये ऐकता येतं. बातम्या, पोपच्या बुधवारच्या शिकवणीचं भाषांतर, रविवारच्या वाचनावर चिंतन. तिला आवडलं. मालिका बघून हिंदी पक्की आहे तिची. पण दोन दिवसांनी म्हणाली, "कळतं रे सगळं. पण हिंदीत मला प्रार्थना होत नाही."

मराठीत शोधलं. वसईकडच्या लोकांची गाणी आहेत, मिस्सेचे व्हिडिओ आहेत, प्रवचनं आहेत, आणि त्यातली काही फार चांगली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची भाषणं सापडली, तेच ते २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, बायबल सोप्या मराठीत आणणारे. गेल्या जुलैमध्ये गेले. त्यांचं मराठी ऐकताना आई मध्येमध्ये "बघ" म्हणत होती, मला उद्देशून नाही, असंच. पण रोज ठरल्या वेळी येईल, दहा मिनिटांचं असेल, वाचन आणि शांतता असेल असं मराठीत मला मिळालं नाही. मिळालं तर पहिल्या नंबरवर टाकणार.

आणि हे मला लागतंय. कारण आपल्याकडं ऐकण्याची गोष्ट नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज माणूस, येशूसंघीय, १५७९ ला गोव्यात आला, तिथंच म्हातारा झाला. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ते त्यांना हवंच होतं, तर या माणसानं येशूची सगळी कथा मराठी ओवीत बांधली. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं. छापलं खरं, पण ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्यातल्या किती जणांना वाचता येत असेल? ते म्हणायला आणि ऐकायलाच होतं. चारशे वर्षांपूर्वी परक्या माणसाला हे सुचलं की या लोकांपर्यंत कानातनं जायचं आणि त्यांच्याच चालीत जायचं. आज माझ्या फोनमध्ये मिनेसोटा आहे, लंडन आहे, रोम आहे, आणि माझ्या आईच्या चालीतलं रोजचं काही नाही.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गल्लीत गुढ्या, सकाळपासून हलगी. आजचं शुभवर्तमान उधळ्या पुत्राचं, लूक १५.

मी स्वतःच वाचून रेकॉर्ड केलं. फोनवर, बेडरूममधलं कपड्यांचं कपाट उघडून त्याच्या आत तोंड घालून, कारण कपड्यांमुळे आवाज घुमत नाही असं एका पॉडकास्टवाल्यानंच सांगितलं होतं. सहा वेळा केलं. आईला ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "पुता, तू बातम्या सांगतोयस. बापानं त्याला लांबनं बघितलं ना? मग तिथं थोडं बघू दे की त्याला."

परत केलं. "तो दूर आहे तोच" इथं थांबलो. मनात पाचपर्यंत आकडे मोजले.

३ एप्रिल

नुसती कामाची नोंद. यादी पाठवायची तर डेटाचा विचार पाहिजे, सगळ्यांकडं रोजचा दीड जीबी नसतो. बारा मिनिटांची फाइल ६४ केबीपीएसला साधारण ६ एमबी, बावीस मिनिटांची १२८ केबीपीएसला २१ एमबी. म्हणजे महिन्याचं 'बायबल इन अ इयर' साडेसहाशेच्या आसपास जाईल. रात्री वायफायवर डाउनलोड करून सकाळी ऐकायचं, ऐकलं की आपोआप डिलीट. ज्येष्ठांच्या फोनवर हे मी स्वतः जाऊन लावून देणार, तीन घरं झाली, चार राहिली.

६ एप्रिल

बिशप बॅरन यांची रविवारची प्रवचनं गेले चार आठवडे शनिवारी रात्री ऐकतोय, 'वर्ड ऑन फायर'वाले. पंधरा मिनिटांच्या आसपास. अभ्यास दांडगा, संत ऑगस्टीनपासनं चित्रकलेपर्यंत कुठूनही उदाहरण आणतात. रविवारी मिस्सेला बसताना वाचन ओळखीचं वाटतं हा मोठा फायदा. पण एक धोका पण लक्षात आला, मागच्या रविवारी आमच्या फादरांचं प्रवचन चालू असताना मी मनात दोघांची तुलना करत होतो. आमचे फादर शनिवारी दोन गावांत मिस्सा करून, एका मयताला जाऊन, रात्री उशिरा परत आलेले. त्यांना माहिती आहे माझ्या आईला दिसत नाही. त्यामुळे आता प्रवचन शनिवारऐवजी सोमवारी ऐकतो.

१२ एप्रिल

चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा. हायवेला सासनकाठ्या, ट्रॅक्टर, सगळी माणसं गुलालानं गुलाबी, चांगभलंच्या गजरात बस रांगत होती. लेवीय चालू आहे, बळींचे नियम, कुठला अवयव कसा जाळायचा. एरवी पान उलटलं असतं. आज बसमध्ये दीड तास बसून खिडकीतनं बघत ऐकलं, पोराला खांद्यावर घेतलेला बाप, अनवाणी चाललेली म्हातारी, आणि कानात देवासाठी काय काय घेऊन यायचं त्याची यादी. पहिल्यांदा ते पुस्तक मला कोरडं वाटलं नाही.

१५ एप्रिल

'रोझरी इन अ इयर' राहिलं होतं लिहायचं. फादर मार्क-मेरी एम्स, फ्रान्सिस्कन, यंदा १ जानेवारीपासून. घाई नाही हे त्यातलं सगळ्यात चांगलं, जपमाळेची पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच गट, एकदम म्हणायला लावत नाहीत, एकेका प्रार्थनेवर थांबत हळूहळू चढवत नेतात. ज्यांची जपमाळ सुटलीय आणि परत धरायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी हे. मला नावं माहितीयत दोघा-तिघांची, त्यांना न बोलता लिंक पाठवणार.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

काही ऐकलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार

काल ईस्टर. पोप फ्रान्सिस बाल्कनीत आले, ईस्टरच्या शुभेच्छांचं एक वाक्य बोलले, बाकीचा संदेश दुसऱ्यांनी वाचला. आईनं सगळं ऐकलं, आणि चाळीस दिवसांनंतर तांबडा-पांढरा झाला.

आज सव्वाच्या सुमाराला कँटीनमध्ये होतो. फोन थरथरला, मग परत, मग थांबेचना. कार्डिनल फॅरेल यांनी जाहीर केलं, पोप फ्रान्सिस गेले, रोमच्या सकाळी ७:३५ ला, म्हणजे आपले ११:०५. मेल्टिंगवाला समोर ताट घेऊन बसला होता, माझ्या तोंडाकडं बघून त्यानं हातातला घास खाली ठेवला.

बसमध्ये ७ मार्चचं ते रेकॉर्डिंग काढलं. तो अडकणारा श्वास. त्या वेळी मी ते बरं होण्यासाठीचे आभार म्हणून ऐकलं होतं.

२७ एप्रिल

आठवडाभर फक्त वाटिकनचं ऐकलं. काल अंत्यविधी, आई दुपारी दीडपासून रेडिओजवळ. यादी पूर्ण झाली, काल रात्री पाठवली. वर ते शांततेचं सेटिंग. खाली 'प्रे अॅज यू गो', 'बायबल इन अ इयर', 'रोझरी इन अ इयर', वाटिकन रेडिओ हिंदी, आणि पोरांसाठी 'गॉडस्प्लेनिंग'. धर्मशिक्षणाच्या टीचरसाठी कॅटेकिझमचं वेगळं. मराठीपुढं मी रिकामी ओळ ठेवली होती. सकाळी एका काकूंचा फोन, "ते रिकामं का सोडलंयस? तुझ्या आईला तू वाचून देतोस ते पाठव की." आईनं सांगितलं असणार.

८ मे, गुरुवार, रात्री

नऊ चाळीसला पांढरा धूर, म्हणजे नवे पोप निवडले गेले. सेकंड शिफ्ट होती, सुट्टी मिळाली नाही, आई घरी एकटीच फोन कानाला लावून. मी रात्री बारा वाजता आलो तर जागीच. चौदावे लिओ. ती म्हणाली पहिला शब्द शांतीचा होता. मी विचारलं इटालियन कसं कळलं तुला. "पाचे म्हणाले ना. मिस्सेत लॅटिन होतं तेव्हा पाचेम म्हणायचे, लहानपणी ऐकलंय मी."

११ मे, रविवार

उत्तम मेंढपाळाचा रविवार. योहान १०, माझी मेंढरं माझी वाणी ऐकतात, मी त्यांना ओळखतो.

हे सहावं रेकॉर्डिंग. आता रविवारचं एकच करतोय, पण घरांत जातंय, अकरा झाली. आज कपाट नको म्हटलं, आईच्या पलंगाशेजारी बसूनच वाचलं, पंखा बंद करून. वाचन फक्त चार ओळींचं. संपलं तरी मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही. खाली रिक्षा गेली, ती पण आली त्यात. वीस सेकंद झाल्यावर हात बटणाकडं नेला तर आईनं माझं मनगट धरलं.

"थांब. अजून चालू राहू दे."